उद्या दवाखान्यात जायचंय

"ताई, उद्या काय घालून जाऊ?"

माझ्या काउंटरवर सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हा आहे. कागद कोणते लागतील हा दुसरा, पैसे कधी पडतील हा तिसरा.

छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडीत माझं महा ई-सेवा केंद्र आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि समोर एक लाकडी बाक. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पीकविमा, सगळं येतं. पण संध्याकाळी सातनंतर बाकावर जी माणसं मागे राहतात, त्यांच्यातली बरीचशी दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आलेली असतात. दुसऱ्या दिवशी त्यांची तपासणी असते आणि घरी जावंसं वाटत नसतं.

काय घालून जाऊ, असं विचारणारे एक काका मला कायमचे लक्षात आहेत. लहानपणी पोलिओ झालेला, डावा पाय बारीक आणि आखूड. पन्नाशी उलटलेली. त्यांनी तपासणीसाठी कडक इस्त्रीची पँट काढून ठेवली होती आणि चांभाराकडून डाव्या बुटाला आतून जाड टाच बसवून घेतली होती. माझ्यासमोर त्यांनी चालून दाखवलं. दुकानाच्या दारापासून बाकापर्यंत, सरळ. चेहऱ्यावर घाम आला होता, पण चाल सरळ होती. "कुणाला कळणार नाही बघा," म्हणाले.

चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्या गोष्टीची तालीम केली, तीच त्यांनी त्या दिवशी माझ्यासमोर करून दाखवली. शाळेत, लग्नाच्या बैठकीत, कामावर. आणि उद्या डॉक्टरसमोर त्यांना नेमकं उलटं करायचं होतं. मी म्हटलं, काका, तो बूट घरी ठेवा. रोज घालता ती चप्पल घाला आणि रोज चालता तसं चाला. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "लोकांसमोर?"

या कामाची तयारी म्हणजे कागदांची तयारी, असं मलाही सुरुवातीची काही वर्षं वाटायचं. कागद लागतातच. पण कागद पूर्ण असलेली माणसंसुद्धा रिकाम्या हाताने परत आलेली मी पाहिली, आणि ती का आली हे त्यांच्याशी बोलल्यावर कळत गेलं. नावं कुणाचीच देत नाही. गावंही थोडी इकडची तिकडे केली आहेत.

आधी आमच्या भाषेबद्दल सांगते. सरकारी कागदावर 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' आलं, पण बाकावर चालतो तो शब्द 'टक्के'. "किती टक्के मिळाले?" दहावीच्या निकालासारखं विचारतात. "मह्या भावाला पंचेचाळीस भेटले." आणि संजय गांधी निराधार योजनेच्या पैशाला आमच्याकडे 'पगार' म्हणतात. "ताई, मही पगार बंद पडली." ज्या बाईने आयुष्यात कधी नोकरी केली नाही, तिच्या तोंडी हा शब्द ऐकला की मला बरं वाटतं. दर महिन्याला ठरलेलं काहीतरी आपल्या नावावर येतं, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो खरा आहे.

या टक्क्यांना एक उंबरठा आहे, चाळीसचा. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आली. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होती. पण बहुतेक लाभ चाळीस टक्क्यांपासूनच सुरू होतात. युडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, रंगसुद्धा त्यावरच ठरतो. चाळीसच्या आत पांढरं, चाळीसपासून पुढे पिवळं, ऐंशी आणि वर निळं. माझ्याकडे लॅमिनेशनला कार्ड आलं की आधी माणसाचा चेहरा बघते, मग कार्डाचा रंग. रंग बघायची खरं तर गरज पडत नाही.

एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला, तर मिळतात ३० टक्के. हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. "अर्धी नजर गेली, मग पन्नास का नाही?" कन्नड तालुक्यातला एक शेतकरी असाच तिसाचा कागद घेऊन बसला होता. पऱ्हाटी उपटताना काडी डोळ्यात गेली होती. त्याला पुन्हा अर्ज करायचा होता, कारण कुणीतरी सांगितलं होतं की दुसऱ्या खेपेला टक्के वाढतात. मी समजावत होते की डोळा तोच आहे, टक्के तेच येतील. तेवढ्यात चहा आला. त्याने डाव्या हाताने कप घेतला. फॉर्मवर सही मात्र उजव्या हाताने केली, आणि सही करताना अख्खं अंग टेबलाकडे वळवलं. कोपर वाकतच नव्हतं.

"हाताला काय झालंय?"

"काही नाही. लहानपणी झाडावरून पडलो होतो. हात आहे की."

हात आहे की! डोळा गेला ते त्याच्या हिशेबात नुकसान होतं. कोपर तीस वर्षांपासून तसंच होतं, म्हणून ते नुकसानच नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळा तपासला होता आणि कोपराबद्दल त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. विचारणार तरी कोण? यावेळी अर्जात आम्ही दोन्ही लिहिलं. हाडांच्या डॉक्टरांनी कोनमापक लावून कोपर किती अंश वाकतं ते मोजलं आणि २० टक्के दिले.

इथे एक गंमत नसलेलं गणित आहे, जे बाकावरच्या प्रत्येकाला मी कागदावर मांडून दाखवते. तीस आणि वीस मिळून पन्नास होत नाहीत. नियम असा की मोठा आकडा आधी घ्यायचा. नव्वदातून तो वजा करायचा. जे उरेल त्याला लहान आकड्याने गुणायचं, नव्वदाने भागायचं आणि ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. नव्वदातून तीस गेले साठ, साठ गुणिले वीस बाराशे, भागिले नव्वद, तेरा आणि वर थोडं. तीस आणि तेरा, त्रेचाळीस. त्या माणसाला पिवळं कार्ड मिळालं. पन्नास झाले नाहीत म्हणून तो थोडा हिरमुसला, आणि मला त्याला हे सांगायला दहा मिनिटं लागली की त्रेचाळीस म्हणजे तो उंबरठ्याच्या आत आला आहे.

तेव्हापासून मी फॉर्म भरायच्या आधी माणसाला चहा पाजते. कप कसा धरतो, बाकावरून कसा उठतो, मी पाठ फिरवून बोलले तर उत्तर देतो का, हे बघते. मी डॉक्टर नाही आणि टक्के सांगत नाही. पण डॉक्टरला काय सांगायचं राहून जाणार आहे, ते कधीकधी आधीच दिसतं.

चुका माझ्याही झाल्या. अर्जात कोणत्या दवाखान्यात तपासणी हवी ते निवडावं लागतं. आपल्या शहरात 'घाटी' म्हटलं की लोकांना पाणचक्कीच्या बाजूचं १९५६ चं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आठवतं. चिकलठाण्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय लोकांच्या तोंडी 'मिनी घाटी'. एका आजोबांनी "घाटीच" सांगितलं आणि मी घाटी निवडलं. त्यांना म्हणायचं होतं मिनी घाटी. त्यांची मुलगी तिकडे राहत होती, ते तिच्याकडे उतरणार होते. दोन्ही पाय अधू असलेला माणूस रिक्षाने एका टोकाला गेला आणि तिथून दुसऱ्या टोकाला. मी एक शब्द जास्तीचा विचारला असता तर ते टळलं असतं. आता मी नाव विचारत नाही. "दवाखान्याच्या बाहेर काय दिसतं?" असं विचारते.

कागदांमध्ये सगळ्यात जास्त रडवतं ते नाव. आधारवर एक, शाळेच्या टीसीवर दुसरं, राशन कार्डावर तिसरं. बाईचं माहेरचं नाव जुन्या ऑपरेशनच्या कागदावर असतं आणि सासरचं आधारवर. जुन्या शहरातून येणाऱ्या बायकांचं नाव उर्दू शाळेच्या दाखल्यावर एका उच्चाराचं आणि मराठी लिहिणाऱ्याने आधारवर दुसऱ्याच उच्चाराचं उतरवलेलं. "बाजी, मैं तो एकीच हूँ," असं एक खाला मला हात जोडून म्हणाली होती. तिचं खरं होतं. पण मशीनला दोन माणसं दिसत होती. जन्मतारखांचं तर विचारूच नका. आमच्या बाकावर निम्म्या म्हाताऱ्या माणसांचा वाढदिवस १ जानेवारीला असतो, कारण तारीख माहीत नसली की तीच टाकली जायची. नाव दुरुस्त करायचं ते अर्जाच्या आधी, नंतर नाही. कार्ड चुकीच्या नावाने निघालं की पुढच्या प्रत्येक खिडकीत तीच चूक सोबत जाते. २०२३ मध्ये शहराचं आणि मग जिल्ह्याचं नाव बदललं, तेव्हा लोक घाबरून आले होते की आता आधारवर औरंगाबाद आणि दाखल्यावर छत्रपती संभाजीनगर, कसं व्हायचं? त्या कारणाने परत आलेला अर्ज मात्र माझ्याकडे अजून एकही नाही.

आणि अंगठा. कुष्ठरोगातून बरे झालेले एक बाबा यायचे. बोटांची टोकं झिजून गेलेली. बरे झालेले कुष्ठरुग्णही २१ प्रकारांत येतात, म्हणजे कायद्याने त्यांचा हक्क होता. पण त्या हक्काकडे जाणारी वाट अंगठ्याच्या मशीनवरून जात होती. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी स्वतःहून हात मागे घेतला. मशीन खराब होईल, म्हणाले. मी त्यांचा हात धरून काचेवर ठेवला. मला माहीत होतं की ठसा येणार नाही. तरी ठेवला. नंतर डोळ्यांच्या बुबुळावरून त्यांचं काम झालं. डिसेंबर २०२३ मध्ये केरळच्या कोट्टायम जिल्ह्यातल्या बोटं नसलेल्या एका बाईला आधार नाकारलं गेल्याची बातमी आली होती, आणि मग केंद्राने सगळीकडे कळवलं की ठसे येत नसतील तर बुबुळावर घ्या, बुबुळही नसेल तर दोन्हींशिवाय नोंदणी करा. त्या बातमीचं कात्रण मी काउंटरच्या काचेखाली ठेवलं आहे. कुणी 'होत नाही' म्हणालं तर दाखवायला.

आता त्या माऊलीबद्दल सांगते, जिच्यामुळे मी हे लिहायला बसले.

सोयगावच्या बाजूच्या एका खेड्यातली. साठीची. मुलगा बत्तीस-तेहतीस वर्षांचा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून मानसिक आजारी. गोळ्या चालू, कागद सगळे जपून ठेवलेले. अगदी पहिल्या डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा प्लास्टिकच्या पिशवीत, त्या पिशवीवर दुसरी पिशवी. मी तिच्या कागदांकडे बघून म्हटलं होतं, मावशी, तुमचं काम होणारच. झालं नाही. चाळीसच्या खाली आलं.

मानसिक आजाराचं मोजमाप टेपने किंवा मशीनने होत नाही. त्यासाठी 'आयडियाज' नावाची आपल्याच देशातल्या मनोविकारतज्ज्ञांनी केलेली मोजपट्टी आहे. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, या चार गोष्टींना शून्य ते चार गुण देतात. आजार किती वर्षांचा आहे, त्याचे गुण वेगळे. सगळे मिळून सात झाले की चाळीस टक्के. आणि हे गुण बरेचसे घरच्या माणसाच्या सांगण्यावर अवलंबून असतात.

मी विचारलं, तुम्हाला काय काय विचारलं?

"अंघोळ करतो का म्हणले. म्हणलं, करतो. जेवतो का? जेवतो. कामाला जातो का? म्हणलं, रानात जातो."

"मग खरंच करतो का?"

माऊली माझ्याकडे बघत राहिली. मग हळूहळू निघायला लागलं. अंघोळ करतो म्हणजे ती पाणी तापवते, न्हाणीत नेते, दाराबाहेर उभी राहून एकेक तांब्या ओत म्हणून सांगते, कधी तास, कधी दीड तास. जेवतो म्हणजे ती आधी स्वतः घास खाऊन दाखवते, मग तो खातो. कुणीतरी विष घातलंय असं त्याला वाटतं. रानात जातो म्हणजे जातो आणि येत नाही, मग तिचा नवरा बॅटरी घेऊन शोधायला निघतो.

"हे तिथं का नाही सांगितलं?"

"तो बाजूलाच बसला होता ना, माय. त्याच्या देखत कसं सांगू की तू काहीच करत नाहीस?"

मला यावर उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही. मोठ्या अधिकाऱ्यासमोर लेकराची उणीव झाकायची, चांगलं तेवढं सांगायचं, हे तिने आयुष्यभर केलं होतं. शाळेत मास्तरांसमोर केलं, पाहुण्यांसमोर केलं. त्या खोलीत तिला नेमकं ते सोडायचं होतं, आणि तेही त्याच्या कानांसमोर.

मी तिला एक वही दिली. शंभर पानी, दुकानातलीच. म्हटलं, रोज काय झालं ते लिहून ठेवायचं, वाढवून नाही, कमी करून नाही. तिला लिहिता येत नव्हतं. नात पाचवीत होती, ती लिहायची. आजी सांगायची, नात लिहायची, चुलीपुढे बसून. वीस-बावीस दिवसांनी ती वही घेऊन आली. त्या मुलीचं अक्षर सुंदर होतं, प्रत्येक वाराखाली पट्टीने रेघ मारलेली. एका सोमवारी लिहिलं होतं: काकाने अंघोळ केली नाही. मंगळवारी: काकाने अंघोळ केली, आजी दोन तास उभी होती. गुरुवारी: काका रात्री दार वाजवत होता, आम्ही झोपलो नाही. शनिवारी: काकाने मला पेरू दिला. त्या शनिवारी आणखी काही लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला माऊलीने काही बोलायचा प्रयत्न केला नाही. वही पुढे केली. डॉक्टरांनी मुलाला थोडा वेळ बाहेर बसवलं आणि वही पानापानाने वाचली, असं ती सांगत होती. "लई वेळ वाचत होते. मध्ये एकदा चष्मा काढला." यावेळी निकाल चाळीसच्या वर गेला.

त्या दिवसापासून सामान सांगताना मी मूळ कागद आणि दोन-दोन झेरॉक्स, जुन्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, आधारला जोडलेला मोबाइल आणि तो पूर्ण चार्ज केलेला, भाकरी, पाणी, बीपीची गोळी, हे सगळं तर सांगतेच. पण आधी विचारते, सोबत कोण जाणार? बहुतेक घरांत शिकलेला पुतण्या किंवा गावातला ओळखीचा कार्यकर्ता पाठवतात, कारण त्याला साहेबांशी बोलता येतं. मी म्हणते, त्याला बाहेर रांगेत उभं करा. आत त्याला न्या, जो रात्री उठतो.

कुणी म्हणेल, ही तर लोकांना शिकवून पाठवते. मला हा प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. टक्के वाढवून द्या म्हणून येणारेही असतात. एक धडधाकट माणूस भावाचा एक्स-रे घेऊन आला होता. त्याला मी बाकावरून उठवलं. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ झाला, त्यानंतर तर खरी माणसंच घाबरून यायला लागली. "आपल्यालाही खोटं म्हणतील का?" वही हे त्याचं उत्तर आहे. पाचवीतल्या पोरीने पट्टीने रेघ मारून लिहिलेलं खोटं ठरवणं अवघड असतं.

प्रमाणपत्र हातात आलं की लोकांना वाटतं काम झालं. खरं म्हणजे तहसीलची वाट तिथून सुरू होते. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० ची, अंतुले मुख्यमंत्री असतानाची. तिला लागतो महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहत असल्याचा पुरावा आणि कुटुंबाच्या उत्पन्नाचा दाखला. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० आहे. दिव्यांगांसाठी ती २०१९ मध्ये ५०,००० केली. पन्नास हजार भागिले बारा, महिन्याला चार हजार एकशे सहासष्ट. मी हा भागाकार रोज करते आणि रोज मला तो टोचतो. ज्या घरात एक माणूस अंथरुणाला आहे आणि दुसरा चिकलठाणा एमआयडीसीत कंत्राटी कामाला जातो, त्या घराचं उत्पन्न याच्यावर जातं. म्हणजे घरातल्या कमावत्या माणसाने कामाला जाणं हाच अडथळा होतो. ही मर्यादा वाढली पाहिजे, हे मी प्रत्येक संबंधित माणसाला सांगत आले आहे आणि इथेही सांगते.

रक्कम मात्र वाढत गेली. सहाशे होती, २०१९ मध्ये हजार झाली, २०२३ मध्ये दीड हजार, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी अडीच हजार करायचा निर्णय झाला. ती बातमी आली त्या संध्याकाळी बाकावर कुणीतरी पेढे ठेवून गेलं. कोण ते अजून कळलेलं नाही.

पैसे थेट खात्यावर यायला लागल्यापासून एक नवीनच घोळ झाला. लोक म्हणतात, बँकेत आधार लिंक आहे. लिंक असतंही. पण सरकारी पैसा शेवटी ज्या खात्याला आधार 'सीड' केलं असेल तिकडे जातो. एका ताईने मध्ये गॅसच्या सबसिडीसाठी दुसऱ्या बँकेत खातं उघडलं होतं. पाच महिने ती जुन्या पासबुकावर एन्ट्री मारून रडत परत येत होती, आणि पैसे दुसऱ्या बँकेत जमा होत होते. त्या दुसऱ्या बँकेचं पासबुक छापून हातात आलं तेव्हा ती तिथेच बँकेच्या पायरीवर बसली. म्हणून अर्जाच्या आधीच मी आधारचं सीडिंग कोणत्या बँकेत आहे ते तपासून घेते. दोन मिनिटांचं काम आहे.

एक फॉर्म मी भरायला खूप उशीर केला. माझ्या वडिलांचा.

वडील वाळूजला पॉवर प्रेसवर होते. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट प्रेसखाली गेलं, मी दुसरीत असताना. त्या काळी वाळूजच्या वसाहतींत असे हात घरोघरी होते. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याला एक परिशिष्ट होतं, त्यात प्रत्येक बोटाचा भाव लिहिलेला होता: अंगठा तीस टक्के, तर्जनी चौदा, मधलं बारा, अनामिका किंवा करंगळी सात. हे टक्के कमावण्याच्या ताकदीचे. दिव्यांग प्रमाणपत्राचे टक्के शरीराचे, आणि त्यांचा हिशेब वेगळा. प्रेसवर बोटं गेलेली पोरं अजूनही दोन्ही कागद एकच समजून येतात. एकावरचा आकडा दुसऱ्यावर का नाही म्हणून भांडतात. मी त्यांना हे समजावते ते घरातूनच शिकून.

आमच्या घरातल्या कुठल्याही फोटोत वडिलांचा उजवा हात दिसत नाही. खिशात असतो, नाहीतर आईच्या खांद्यामागे. मी इतक्या लोकांचे फॉर्म भरले आणि त्यांनी कधी विषय काढला नाही, मीही काढला नाही. आई गेल्यावर तीन-चार महिन्यांनी एकदा सकाळी ते शर्टाची बटणं न लावता दुकानात आले. म्हणाले, "बटणं लाव." मी लावली. मला तोपर्यंत माहीत नव्हतं की इतकी वर्षं ती आई लावत होती. दुसऱ्या दिवशी मी त्यांचा फॉर्म भरायला घेतला, आणि प्रत्येक प्रश्नाला मला आधी त्यांना विचारावं लागलं. सही कशी करता? कुलूप कुठल्या हाताने उघडता? ते एकेका शब्दात उत्तर देत होते.

तपासणीच्या आदल्या रात्री त्यांनीही विचारलं, "काय घालू?"

खोलीत गेले तेव्हा मी बाहेर बाकावर होते. दार अर्धवट लोटलेलं. डॉक्टर म्हणाले, "दादा, हात टेबलावर ठेवा." थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग खिशातल्या किल्ल्या वाजल्या.

टक्के चाळीसच्या बरेच खाली आले. पांढरं कार्ड. त्यावर पगार नाही. मला वाईट वाटलं, त्यांना फारसं वाटल्यासारखं दिसलं नाही. कार्ड लॅमिनेट करून घेतलं आणि दुपारपासून दुकानात बसायला लागले.

परवा वाळूजचा एक पोरगा आला. बावीस-तेवीसचा. हाताला रुमाल गुंडाळलेला, चहा नको म्हणाला, मान वर करायला तयार नाही. मी फॉर्म काढत होते. वडील बाकावरून उठले, त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि आपला उजवा हात काउंटरच्या काचेवर, त्या कात्रणाच्या बरोबर वर ठेवला. पोरगा बघत राहिला.

"सोड तो रुमाल," वडील म्हणाले. "कोणती कोणती गेली?"